पडद्यावरचा आलेख कोण काढतो?

गोंदियाहून डोंगरगडच्या दिशेने जाणारी पॅसेंजर गाडी सालेकसा सोडून जंगलात शिरते, तेव्हा लागते ते लहानसे दरेकसा स्थानक. एरवी इथे चार-दोन माणसे उतरतात. माघ पौर्णिमेच्या दिवसांत मात्र फलाट पुरत नाही. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि आपल्या विदर्भातून आलेली गोंड कुटुंबे पिवळे झेंडे घेऊन धनेगावाकडे चालू लागतात, आणि तिथून वर कचारगडाच्या नैसर्गिक गुहांकडे. गोंडी परंपरेत हे कोया पुनेमचे मूळस्थान. कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या सुरांनी गुहेच्या तोंडावरची शिळा हलली, अशी कथा तिथे सांगतात. त्याच शिळेखाली सापडून वादकाचा जीव गेला, हे सांगायलाही सांगणारे विसरत नाहीत.

मी गोंदियात संख्याशास्त्र शिकवते. तीन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीच्या आग्रहाने मी या यात्रेला गेले. तिचे घर सालेकसा तालुक्यातले, मातृभाषा गोंडी. पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत तिच्या ओळखीच्या मंडळींनी एक टेबल मांडले होते. त्यावर माझा लॅपटॉप ठेवून गोंडी भाषेविषयीचा एक आलेख लोकांना दाखवायचा, असे आमचे ठरले होते. आलेख अगदी साधा होता. जनगणनेत गोंडी ही मातृभाषा नोंदवणाऱ्यांची संख्या १९९१ मध्ये सुमारे २१ लाख २५ हजार होती, २००१ मध्ये सुमारे २७ लाख १४ हजार आणि २०११ मध्ये सुमारे २९ लाख ८४ हजार. तीन बिंदू आणि त्यांना जोडणारी एक रेघ. खाली देवनागरीत माहिती आणि वर विद्यार्थिनीने मोठ्या हौसेने टंकलेले मसराम गोंडी लिपीतले शीर्षक.

देवरीकडून आलेले एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ पडद्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी शीर्षकावर बोट ठेवले.

“बाई, हे डब्बे कायचे होय?”

शीर्षकाच्या जागी एकासारख्या एक रिकाम्या चौकटी उमटल्या होत्या. विद्यार्थिनी ओशाळली. “दादा, ती आपली लिपी आहे. दिसत नाहीये फक्त,” ती म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि बोट रेघेवर आणले. “आणि ह्या पायऱ्या? दरसाल थोडे थोडे लोक वाढले का?”

रेघेत खरोखरच पायऱ्या दिसत होत्या. पण त्या आकडेवारीत नव्हत्या. जनगणना दहा वर्षांनी होते. मधल्या वर्षांची कोणतीच माहिती माझ्याकडे नव्हती. त्या पायऱ्या माझ्या पडद्याने निर्माण केल्या होत्या, आणि एका लक्षपूर्वक पाहणाऱ्या माणसाने त्या माहिती म्हणून वाचल्या. दोष त्यांचा नव्हता. पंधरा वर्षे आलेख काढूनही पडद्यावरचा आलेख नेमका कोण काढतो, हे मी कधी विचारलेच नव्हते. हा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना मला काय कळले, त्याची नोंद आहे. संगणकाशी फारशी ओळख नसलेल्या वाचकालाही ती समजावी, असा माझा प्रयत्न आहे.

आज्ञा एकाची, हात दुसऱ्याचा

मी वापरते त्या प्रणालीचे नाव ‘आर’. तिचे मूळ अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आहे. तिथे १९७६ मध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ नावाची, आकडेवारीशी संवाद साधणारी भाषा घडवायला सुरुवात केली. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी तिच्याच वळणावर ‘आर’ रचली. दोघांच्याही नावाचे आद्याक्षर तेच, आणि ‘एस’च्या शेजारचे अक्षरही तेच. २९ फेब्रुवारी २००० या दिवशी तिची १.०.० ही आवृत्ती आली. ती मोफत आणि खुली असल्यामुळे आज लहान गावातल्या महाविद्यालयातही ती शिकवता येते. २०११ मध्ये ‘आरस्टुडिओ’ आले. एका खिडकीत आज्ञा लिहायची, दुसरीत उत्तर पाहायचे आणि उजवीकडे खालच्या कप्प्यात आलेख पाहायचा, अशी सोय त्याने केली. हे बनवणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये ‘पॉझिट’ हे नाव घेतले. कार्यक्रमाचे नाव मात्र आरस्टुडिओच राहिले.

माझी समजूत अशी होती की, मी आज्ञा दिली की ‘आर’ आलेख काढते आणि आरस्टुडिओ तो दाखवतो. वस्तुस्थिती जरा वेगळी आहे. ‘आर’ स्वतः काहीच काढत नाही. ती फक्त सांगते: इथून तिथपर्यंत रेघ ओढ, इथे ठिपका दे, इथे हा मजकूर लिही. प्रत्यक्ष काढण्याचे काम दुसरा एक घटक करतो. त्याला ‘ग्राफिक्स डिव्हाइस’ म्हणतात. मी त्याला ‘आरेखक’ म्हणेन. पीडीएफ काढणारा आरेखक वेगळा, पीएनजी चित्र काढणारा वेगळा, पडद्यासाठीचा आणखी वेगळा. इतकेच नव्हे, तर एकच पीएनजी काढणारे तीन-चार आरेखक असू शकतात आणि त्या प्रत्येकाचा हात निराळा असतो.

आरस्टुडिओच्या कप्प्यात दिसते ते असेच एखाद्या आरेखकाकडून त्या क्षणी काढून घेतलेले चित्र असते. कप्पा ओढून मोठा केला की सगळ्या सूचना पुन्हा वाचून दाखवल्या जातात आणि नव्या मापाचे चित्र नव्याने काढले जाते. म्हणजे पडद्यावरचा आलेख हा मूळ आलेखाचा आरसा नाही. तोही एक प्रयोगच आहे. संहिता तीच, नट वेगळा. हे एकदा ध्यानात आले की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: नट बदलता येतो का?

पायऱ्यांचे कारण

आधी पायऱ्या कुठून आल्या, ते पाहू. पडदा हा बारीक चौकोनांचा बनलेला असतो, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. आडवी किंवा उभी रेघ अशा चौकोनांत नीट बसते. तिरकी रेघ बसत नाही. समजा, रेघ अडीचशे चौकोन पुढे जाताना चाळीस चौकोन वर चढते. चौकोन एक तर पूर्ण रंगवायचा नाही तर पूर्ण कोरा ठेवायचा, एवढेच आरेखकाला येत असेल, तर रेघ सहा-सात चौकोन सपाट चालते आणि मग एक चौकोन उडी मारते. पुन्हा सपाट, पुन्हा उडी. रेघ जितकी कमी चढाची, तितक्या या पायऱ्या लांब आणि ठळक. माझ्या आलेखात २००१ ते २०११ हा भाग कमी चढाचा होता आणि पायऱ्या तिथेच जास्त दिसत होत्या. नेमक्या त्याच जागी त्या गृहस्थांचे बोट थांबले होते.

यावरचा उपाय रांगोळी घालणारीला सांगावा लागणार नाही. कडेला रंग विरळ सोडायचा. रेघेने एखाद्या चौकोनाचा चाळीस टक्के भाग व्यापला असेल, तर त्या चौकोनाला चाळीस टक्केच रंग द्यायचा. डोळा शेजारच्या गडद-फिकट चौकोनांची सरासरी काढतो आणि त्याला सरळ रेघ दिसते. याला ‘अँटी-अलायझिंग’ म्हणतात. सगळेच आरेखक हे करत नाहीत. विंडोजवर ‘आर’बरोबर येणारा नेहमीचा आरेखक विंडोजच्या जुन्या चित्रपद्धतीवर उभा आहे, तो अक्षरांच्या कडा मऊ करतो, पण रेघांच्या करत नाही. मॅकवरचा ‘क्वार्ट्झ’ आणि लिनक्सवर सहसा वापरला जाणारा ‘कैरो’ हे दोन्ही करतात. त्यामुळे एकच आलेख माझ्या सहकाऱ्याच्या मॅकवर गुळगुळीत आणि माझ्या लॅपटॉपवर दातेरी दिसे, आणि मी ते लॅपटॉपच्या किमतीवर सोडून देत असे.

बदल करणे मात्र अगदी सोपे निघाले. आरस्टुडिओच्या १.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या आरंभापासून, आरेखक निवडण्याची सोय आहे. ‘टूल्स’मध्ये ‘ग्लोबल ऑप्शन्स’, त्यात ‘जनरल’, त्यात ‘ग्राफिक्स’. तिथे ‘बॅकएंड’ या शब्दासमोर यादी उघडते. मी आधी ‘कैरो’ निवडला. पायऱ्या गेल्या. रेघ स्वच्छ झाली आणि २००१ पाशी ती कशी वाकते, ते प्रथमच एका नजरेत दिसले. पहिल्या दशकात सुमारे ५ लाख ८९ हजारांची वाढ, दुसऱ्यात सुमारे २ लाख ७१ हजारांची, निम्म्याहूनही कमी. माझ्या आलेखाला सांगायचे होते ते हेच, आणि तेच पायऱ्यांत हरवले होते. गोंड समाजाची लोकसंख्या एक कोटीहून अधिक आहे. गोंडी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे त्या मानाने किती थोडे, हा विचारही त्या वाकणाऱ्या रेघेपाशीच मनात येतो.

रेघेचा चढ आणि कप्प्याचे माप

रेघ स्वच्छ झाल्यावर मला दुसरी एक गोष्ट खटकू लागली. कप्पा आडवा आणि बुटका ठेवला की रेघ जवळजवळ सपाट दिसे; उभा आणि अरुंद केला की तीच रेघ कड्यासारखी चढे. आकडे तेच होते. बेल लॅब्जमध्येच काम करणाऱ्या विल्यम क्लीव्हलंड यांनी सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास मांडला आहे. रेघांचे चढ एकमेकांशी ताडून पाहायचे असतील, तर ते सरासरीने पंचेचाळीस अंशांच्या आसपास राहतील असे आलेखाचे माप निवडावे, हा त्याचा सारांश. माझ्या आलेखाचे माप मात्र कुणीच निवडलेले नव्हते. आज्ञा लिहिण्याच्या खिडकीतून उरलेली जागा हेच त्याचे माप.

यातून आणखी एक गोंधळ होतो आणि तो माझ्या विद्यार्थ्यांत मी दरवर्षी पाहते. ‘जीजीप्लॉट’ने काढलेला आलेख जतन करताना माप दिले नाही, तर त्या क्षणी कप्प्याचे जे माप असेल तेच घेतले जाते. सकाळी जतन केलेले चित्र आणि संध्याकाळी जतन केलेले चित्र यांत आकडे, रंग, आज्ञा सगळे सारखे, तरी चित्रे वेगळी. कारण काय, तर दुपारी कुणी तरी कप्पा जरा ओढला होता.

मापाबरोबर घनताही येते, म्हणजे एका इंचात किती ठिपके. ‘आर’चा मूळ पीएनजी आरेखक काही न सांगितल्यास ४८० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र काढतो आणि एका इंचात ७२ ठिपके आहेत, असे धरून चालतो. अक्षराचे माप १२ पॉइंट, आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. तेव्हा अक्षर १२ ठिपक्यांचे होते. चित्र अस्पष्ट वाटले म्हणून आपण उत्साहाने रुंदी २४०० ठिपके करतो, पण घनता बदलायला विसरतो. अक्षर तरीही १२ ठिपक्यांचेच राहते. आधी ते चित्राच्या रुंदीचा चाळिसावा भाग होते, आता दोनशेवा. चित्र मोठे झाले आणि अक्षरे मुंगीएवढी. योग्य रीत अशी की आधी इंच ठरवायचे आणि मग घनता. ८ इंच रुंदी आणि इंचाला ३०० ठिपके म्हटले की चित्र तेवढेच २४०० ठिपक्यांचे होते, पण अक्षर ५० ठिपक्यांचे मिळते आणि सगळे प्रमाणात राहते.

म्हणून मी आता कप्प्यात दिसणाऱ्या आलेखावर अंतिम निर्णय घेत नाही. आधी कागदावर लिहिते: आलेख कुठे दिसणार, किती रुंद, किती उंच. मग त्याच मापाचे चित्र जतन करून तेच उघडून पाहते. ज्या दस्तऐवजात मजकूर आणि आज्ञा एकत्र असतात, तिथे प्रत्येक आलेखाची रुंदी, उंची आणि घनता आधीच लिहून ठेवता येते. मग तिथले पूर्वदर्शन आणि अंतिम चित्र एकाच मापाने निघते. कप्पा कच्च्या कामाला चांगला. शिंपी कापड अंगाला लावून बघतो, तेवढ्यापुरता.

‘स्त्रिया’ हा शब्द संगणक कसा लिहितो

‘कैरो’ निवडून रेघ सुधारली खरी, पण त्याच क्षणी खालची देवनागरी बिघडली. आधीच्या आरेखकाने ती नीट लिहिली होती. आता ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उठून उजवीकडे जाऊन बसली आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी झाली. गंमत अशी की माझ्या इंग्रजी आलेखांत हा दोष कधीच दिसला नसता. ज्याची भाषा एकामागून एक सुट्या अक्षरांत लिहिली जाते, त्याला हा प्रश्नच पडत नाही.

‘स्त्रिया’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो आठ संकेतांत साठवला जातो: स, हलंत, त, हलंत, र, वेलांटी, य, काना. हा उच्चाराचा क्रम आहे. पण लिहिताना आपण वेलांटी सर्वांत आधी काढतो, स अर्धा करतो, त आणि र एकमेकांत मिसळतो. साठवलेल्या क्रमातून दिसणाऱ्या क्रमाकडे जाण्याच्या या कामाला मी ‘अक्षरजुळणी’ म्हणते. छापखान्यात हे काम खिळे जुळवणारा कारागीर करत असे. वेलांटीचा खिळा आधी लावायचा, हे त्याला कुणी सांगावे लागत नसे. संगणकात ते काम स्वतंत्र घटकाकडे असते. त्यांतला आज सर्वाधिक वापरातला म्हणजे ‘हार्फबझ’. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड फोनवर आपण मराठी वाचतो, ती त्याच्याच हातून जुळून आलेली असते. ज्या आरेखकामागे असा जुळारी उभा नाही, तो आठ संकेत आठ चित्रे समजून ओळीने मांडतो. माझ्या विंडोजवरच्या ‘कैरो’चे तसे झाले होते.

याच यादीत ‘एजीजी’ नावाचा एक पर्याय होता. ‘अँटी-ग्रेन जॉमेट्री’ हे त्याचे पूर्ण नाव. मॅक्सिम शेमानारेव्ह या प्रोग्रामरने सी++ भाषेत लिहिलेला हा चित्रसंग्रह. रेघांच्या कडा हाताळण्यातली अचूकता ही त्याची ख्याती. शेमानारेव्ह २०१३ मध्ये वारले. पुढे थॉमस लिन पेडरसन यांनी तो ‘रॅग’ या नावाच्या जोडणीतून ‘आर’मध्ये आणला, आणि आणताना एक मोठे काम केले: मजकूर काढण्यापूर्वी तो हार्फबझकडून जुळवून घेण्याची व्यवस्था केली. ‘रॅग’ एकदा बसवून घेतले की ‘बॅकएंड’च्या यादीतून ‘एजीजी’ निवडता येते. मी निवडले. रेघ स्वच्छ राहिली आणि वेलांटी आपल्या जागी परतली.

इथे जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी एक सूचना. विंडोजवर ‘आर’ने युनिकोड हीच आपली मूळ लेखनपद्धती मानली, ती ४.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून. त्याआधीच्या आवृत्तीत मराठी अक्षरांऐवजी कंसातले संकेत-आकडे उमटलेले पाहिले असतील, तर आरेखक बदलण्यापूर्वी ‘आर’च नवी घ्यावी.

चौकटीचा अर्थ

राहिला त्या गृहस्थांचा पहिला प्रश्न. हे डबे कायचे?

मसराम गोंडी लिपी १९१८ मध्ये मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी रचली. ते बालाघाट जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या गोंदियाच्या शेजारचेच. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, दक्षिणेकडे तेलुगू लिपीत. आपल्या भाषेला आपली अक्षरे असावीत, ही त्यांची इच्छा. याशिवाय तेलंगणात आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांतली आणखी एक गोंडी लिपी आहे. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मसराम गोंडीला २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली आणि गुंजाळा गोंडीला २०१८ पर्यंत. तोवर या लिप्यांत टंकलेले कोणतेही अक्षर आतून दुसऱ्याच कुठल्या तरी लिपीचे असे; त्याचा विशिष्ट फाँट नसेल, तर त्याचा अर्थच बदलून जाई.

२०१७ नंतर प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. पण क्रमांक मिळणे म्हणजे दिसणे नव्हे. आरेखकाला त्या क्रमांकाचे चित्र लागते, आणि ते फाँटमध्ये असते. माझ्या लॅपटॉपवर मसराम गोंडीचा एकही फाँट नव्हता. अशा वेळी आरेखक रिकामी चौकट काढतो. तिचा अर्थ ‘इथे काही नाही’ असा नसतो. ‘इथे अक्षर आहे, ते कोणते तेही मला ठाऊक आहे, पण त्याचे चित्र माझ्याकडे नाही’ असा असतो. विद्यार्थिनीने टंकलेले शीर्षक तसेच्या तसे शाबूत होते. कोंडलेले होते एवढेच.

‘नोटो सान्स मसराम गोंडी’ हा फाँट मोफत मिळतो. तो संगणकावर बसवला. ‘रॅग’ची एक सोय इथे कामी आली: सांगितलेल्या फाँटमध्ये एखादे अक्षर नसेल, तर संगणकावरच्या इतर फाँटमध्ये ते शोधले जाते. त्यामुळे एकाच आलेखात शीर्षक गोंडीत, माहिती देवनागरीत आणि आकडे तिसऱ्याच फाँटमध्ये, तरी कुठे काही रिकामे राहिले नाही. तरीही महत्त्वाच्या मजकुराचा फाँट आपणच नाव घेऊन सांगावा, असे माझे मत झाले आहे. शोधून सापडलेला फाँट दुसऱ्या संगणकावर दुसराच असू शकतो.

एक मर्यादाही सांगून ठेवते. पडद्यावर सगळे जुळले म्हणून छापखान्यातही जुळेल असे नाही, कारण तिथे आरेखक पुन्हा बदलतो. ‘आर’चा नेहमीचा पीडीएफ आरेखक आपल्या ठरावीक रोमन फाँटांवर चालतो, त्याला देवनागरीही येत नाही, मग गोंडी कुठून येणार? म्हणून छपाईसाठी मी ‘एजीजी’नेच, ठरलेल्या इंचांचे आणि इंचाला ६०० ठिपक्यांचे चित्र काढून देते आणि त्याची छापील प्रत हातात घेऊन शब्दन् शब्द वाचते.

पुन्हा कचारगड

यंदाच्या माघ पौर्णिमेला आम्ही तोच आलेख घेऊन पुन्हा धनेगावात गेलो. या वेळी लॅपटॉपबरोबर मोठा छापील कागदही होता. शीर्षकाखाली विद्यार्थिनीने गोंडी लिपीतच एक ओळ वाढवली होती. गोंडी कुठल्या कुठल्या राज्यांत बोलली जाते, त्यांची नावे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण.

ते देवरीचे गृहस्थ येतील अशी माझी अपेक्षा नव्हती, पण ते आले. या वेळी नातवाला घेऊन. “जय सेवा” म्हणून त्यांनी आधी शीर्षकच शोधले. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत त्यांनी ते वाचले. मग खालची ओळ वाचू लागले आणि पहिल्याच शब्दावर अडले.

“हे असं तोडून नाही लिहत, पोरी. हे जोडून येते.”

‘मध्य’ मधला ध आणि य. मसराम गोंडीत दोन वेगवेगळी चिन्हे आहेत: एक हलंत, जो अक्षराखाली दिसतो आणि स्वर तोडतो, आणि दुसरे विराम, जे स्वतः दिसत नाही पण पुढच्या व्यंजनाशी जोड घडवते. देवनागरीत एकाच चिन्हाकडून आपण दोन्ही कामे करून घेतो, त्यामुळे विद्यार्थिनीने सवयीने हलंत टंकला होता. आरेखकाने जे सांगितले ते प्रामाणिकपणे काढले होते. चूक आमची होती.

तिने तिथेच टेबलावर बसून एक संकेत बदलला. आज्ञा पुन्हा चालवली, चित्र पुन्हा निघाले, आणि दोन्ही अक्षरे जोडून आली. आजोबांनी चष्मा सावरून पाहिले आणि नातवाला पुढे केले. “वाच.”

तीन वर्षांपूर्वी या ओळीच्या जागी चौकटी उमटल्या असत्या आणि त्यांत ही चूकही बिनबोभाट लपली असती. पूर्वदर्शन चांगले हवे, ते केवळ आलेख देखणा दिसावा म्हणून नव्हे. जे दिसते तेच तपासता येते. चौकटीत शुद्धलेखनाची चूक कुणालाच दाखवता येत नाही, आणि पायऱ्या असलेल्या रेघेत आकड्यांचा कल कुणालाच नीट वाचता येत नाही.

छापील कागदावरची ती ओळ मात्र चुकीचीच होती. आजोबांनी माझ्याकडून पेन मागून घेतले आणि कागदावरचा तो हलंत स्वतःच्या हाताने खोडून वर जोडाक्षर काढले. तो कागद आता आमच्या विभागाच्या भिंतीवर आहे. नवी प्रत छापायला हवी, असे विद्यार्थिनी अधूनमधून म्हणते. मी अजून छापलेली नाही.